पाळी आणली म्हणजे रोग बरा झाला काय?

चार-सहा महिने पाळी आली नाही म्हणून एखादी भगिनी गावातल्या किंवा वस्तीतल्या दवाखान्यात जाते. डॉक्टर दोन प्रश्न विचारतो, नाडी बघतो आणि पाच किंवा दहा दिवसांच्या गोळ्या लिहून देतो. गोळ्या संपल्या की आठवड्याच्या आत अंगावरून जाते. सासू म्हणते, आली एकदाची. नवरा म्हणतो, झाले ना ठीक? पुढचे तीन महिने पुन्हा कोरडे. पुन्हा त्याच गोळ्या. पुढे पुढे डॉक्टरकडे जाण्याचीही गरज उरत नाही, मेडिकलवाला जुनी चिठ्ठी पाहून गोळ्या देऊन टाकतो. असे करता करता लग्नाला पाच वर्षे होतात, सात वर्षे होतात. मग एके दिवशी घरातली चार माणसे बसून निकाल देतात की हिच्यातच दोष आहे. या सगळ्या वर्षांत तिची पाळी मुळात का थांबली, हे शोधण्यासाठी एक थेंब रक्तसुद्धा कुणी तपासलेले नसते.

आमचा आक्षेप गोळीला नाही, न शोधता दिलेल्या गोळीला आहे. पाळी आणणे ही एक गोष्ट आहे आणि स्त्रीबीज तयार होऊन अंडाशयातून बाहेर पडणे ही दुसरी गोष्ट आहे. डॉक्टर मंडळी याला अंडे फुटणे म्हणतात. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे आमच्या किती भगिनींची उमेदीची वर्षे वाया गेली याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

शरीराचा व्यवहार साधा आहे, तो समजून घ्यायला पदवी लागत नाही. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक भाग आहे. तो साधारण तास-दीड तासाने एक रासायनिक इशारा सोडतो. तो इशारा त्याखालच्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीला मिळतो. पिट्युटरी रक्तात दोन हार्मोन सोडते, एफएसएच आणि एलएच. त्यांच्यामुळे अंडाशयात बीज वाढते. वाढणारे बीज इस्ट्रोजेन तयार करते आणि गर्भपिशवीचे अस्तर जाड होते. बीज बाहेर पडले की प्रोजेस्टेरॉन तयार होते. गर्भ राहिला नाही तर सुमारे दोन आठवड्यांनी प्रोजेस्टेरॉन ओसरते, अस्तर गळते, तीच पाळी. म्हणजे पाळी हा या साखळीचा शेवटचा दुवा आहे. डॉक्टरची ती पाच दिवसांची गोळी प्रोजेस्टेरॉनसारखीच असते. ती थांबवली की अस्तर गळते. साखळीचे आधीचे सगळे दुवे तुटलेले का असेनात, शेवटचा दुवा बाहेरून ओढून हलवता येतो. बीज मात्र आलेलेच नसते.

या गोळीचा उपयोग नाही असे आम्ही म्हणत नाही. अनेक महिने पाळी न येणाऱ्या, पण अंगात इस्ट्रोजेन असणाऱ्या बाईचे अस्तर नुसते जाड होत राहिले तर पुढे गर्भपिशवीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. त्यासाठी ते वेळोवेळी गाळावे लागते. शिवाय गोळीनंतर अंगावरून गेले की नाही, यावरून जाणत्या डॉक्टरला बरेच कळते. मात्र ते कळून घेण्यासाठी त्याने बाईला परत बोलवून विचारले पाहिजे. इथे विचारतो कोण?

मग विचारायचे काय? पहिली तपासणी गरोदरपणाची. ज्या बाईची पाळी चुकली तिची लघवीची तपासणी न करता हार्मोन देणे ही बेफिकिरी आहे. त्यानंतर थायरॉइडची टीएसएच, मग प्रोलॅक्टिन, एफएसएच, इस्ट्रोजेन आणि एक सोनोग्राफी. एवढ्यावरून बहुतेक वेळा कारण कुठल्या कप्प्यातले आहे ते समजते. जागतिक आरोग्य संघटनेने १९७३ मध्येच या स्त्रियांचे गट पाडून ठेवले. एका गटात मेंदूकडून इशाराच येत नाही. दुसऱ्या गटात हार्मोन आहेत, पण त्यांचा मेळ बसत नाही. तिसऱ्या गटात अंडाशयच थकलेले आहे. गट वेगळा तर उपचार वेगळा. पन्नास वर्षांपूर्वी जगाला कळलेली ही गोष्ट आमच्या तालुक्याच्या गावी अजून पोचायची आहे.

सर्वांत मोठा गट दुसरा. हल्ली ज्याला घरोघर पीसीओडी म्हणतात तो आजार यातच येतो. पाळी दोन-तीन महिन्यांनी, चेहऱ्यावर लव, मुरुमे, अनेकदा वजन वाढलेले, सोनोग्राफीत बारीक बारीक बिजांची माळ. हा श्रीमंतांचा, शहरातल्या पोरींचा आजार आहे असा एक समज आहे, तो खोटा आहे. आमच्या झोपडपट्टीतही तो आहे. या गटात उपचाराला यश चांगले येते आणि औषधही स्वस्त आहे. वजन जास्त असेल तर ते शंभरात पाच-दहाने उतरले तरी काही जणींची पाळी आपोआप सुरू होते. नाही झाली तर गोळी आहे.

पहिली गोळी क्लोमिफेन. अमेरिकेत रॉबर्ट ग्रीनब्लाट आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये तिच्याबद्दल लिहिले. ही गोळी मेंदूला फसवते. अंगात इस्ट्रोजेन असूनही मेंदूला ते दिसत नाही, म्हणून तो पिट्युटरीला कामाला लावतो आणि बीज वाढू लागते. दुसरी गोळी लेट्रोझोल, मुळात स्तनाच्या कॅन्सरची. ती इस्ट्रोजेन तयार होणेच काही दिवस कमी करते, परिणाम तोच. अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्या शंभरातल्या २७.५ स्त्रियांना मूल झाले, क्लोमिफेन घेणाऱ्यांपैकी १९.१ जणींना. त्यामुळे आज या आजारात लेट्रोझोलला पहिली पसंती दिली जाते. पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत पाच दिवस घ्यायची ही गोळी आहे.

या लेट्रोझोलची भारतातली कथा वाचण्यासारखी आहे. २००७ मध्ये आपल्या औषध नियंत्रकांनी तिला वंध्यत्वासाठी परवानगी दिली. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने त्याच वापरावर बंदी घातली. मे २०१२ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने आधीची परवानगी कशी दिली गेली यावरून नियंत्रकांची कानउघाडणी केली. त्यानंतर जगभरातून पुरावा येत गेला आणि २०१७ मध्ये बंदी उठली. परवानगी देताना पुरेशी पारख नाही, बंदी असताना बाईला पर्याय समजावून सांगणारे कुणी नाही आणि बंदी उठल्यावर ती उठली हेही सांगणारे कुणी नाही. औषध ज्या बाईच्या पोटात जाते तिला या व्यवहारात कुठेच जागा नाही. हे फक्त एका गोळीपुरते आहे असे आम्हाला वाटत नाही.

आता पहिल्या गटाकडे येऊ, कारण हा गट आमच्या समाजाच्या जास्त जवळचा आहे. ज्या शरीराला पुरेसे अन्न मिळत नाही ते शरीर गर्भाचा खर्च टाळते. मेंदू इशाराच बंद करतो. पुस्तकांत याची उदाहरणे धावपटू, नर्तिका आणि डाएटिंग करणाऱ्या मुली अशी दिलेली असतात. आम्ही विचारतो, डोक्यावर विटा वाहणारी, दिवसभर उसाच्या मोळ्या बांधणारी आणि शेवटी उरलेल्या भाकरीवर झोपणारी बाई या पुस्तकांत का नाही? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के भारतीय स्त्रिया कृश आढळल्या. म्हणजे उंचीच्या मानाने त्यांचे वजन किमान मापाच्याही खाली. त्या सगळ्यांची पाळी थांबते असे नव्हे. पण ज्यांची थांबते त्यांना क्लोमिफेनची गोळी देऊन काही होत नाही. ही गोळी मेंदूपासून इस्ट्रोजेन लपवते. इथे लपवायला इस्ट्रोजेनच नाही! तरीही सहा-सहा महिने तीच गोळी दिली जाते, आणि गुण आला नाही म्हणून दोष बाईच्या नशिबाला.

इतक्या कमी वजनाच्या बाईला जबरदस्तीने बीज आणण्याआधी तिचे वजन वाढवावे, असे वैद्यकशास्त्रच सांगते. कारण अशा स्थितीत गर्भ राहिला तरी तो पडण्याचा, कमी वजनाचे आणि अपुऱ्या दिवसांचे मूल होण्याचा धोका असतो. म्हणजे इथे पहिले औषध आहे पोटभर जेवण आणि अंगमेहनतीतून सवड. रेशन दुकानातले धान्य, कामाचे तास आणि मजुरीचा दर यांचा स्त्रीबीजाशी संबंध आहे. हे वाक्य कुणाला राजकारण वाटले तर वाटो.

अन्न मिळूनही ज्यांचा इशारा परत येत नाही, किंवा ज्यांना जन्मापासूनच तो नाही, त्यांच्यासाठी हार्मोनची इंजेक्शने आहेत. यांचा इतिहासही मोठा आहे. १९५८ मध्ये स्वीडनच्या कार्ल गेमझेल यांनी मृत माणसांच्या पिट्युटरीतून काढलेले हार्मोन देऊन स्त्रियांमध्ये बीज आणून दाखवले. पण प्रेतांच्या ग्रंथीतून मेंदूचा एक जीवघेणा रोग संक्रमित होतो असे पुढे दिसले. ऑस्ट्रेलियात असे हार्मोन घेतलेल्या काही स्त्रिया त्या रोगाने गेल्या आणि तिथला कार्यक्रम १९८५ मध्ये बंद झाला. दुसरी वाट इटलीत निघाली. पाळी कायमची गेलेल्या स्त्रीच्या लघवीत हे हार्मोन भरपूर असते. अंडाशय दाद देत नाही म्हणून पिट्युटरी जोर लावत राहते आणि जास्तीचे हार्मोन लघवीतून बाहेर पडते. ते पिएरो डोनिनी यांनी वेगळे केले. एवढी लघवी आणायची कुठून? तर ख्रिस्ती मठांतल्या वृद्ध साध्वींकडून. ज्यांनी स्वतः संसार केला नाही त्यांच्या शरीरातून टाकून दिलेल्या द्रवातून १९६२ मध्ये इस्रायलमध्ये पाळी थांबलेल्या एका बाईला मूल झाले. जे अपवित्र म्हणून नाक मुरडले जाते त्यातून विज्ञानाने काय काढले, हे सोवळे-ओवळे पाळणाऱ्यांनी एकदा शांतपणे वाचावे.

मेंदूचा इशारा थांबून थांबून यावा लागतो, हेही एका प्रयोगातून कळले. अमेरिकेत एर्न्स्ट नोबिल यांच्या प्रयोगशाळेत १९७८ मध्ये माकडिणींवर दिसले की तोच रासायनिक इशारा अखंड दिला तर पिट्युटरी गप्प होते, आणि तासातून एकदा टप्प्याटप्प्याने दिला तर पुन्हा काम करू लागते. दोन वर्षांत जर्मनीत लायेनडेकर यांनी अंगाला बांधायच्या छोट्या पंपाने हाच इशारा स्त्रियांना देऊन बीज आणले. आपल्याकडे मात्र मुख्यतः इंजेक्शनेच चालतात. त्यात एक बारकावा आहे. ज्यांच्या पिट्युटरीतून काहीच येत नाही अशांना एफएसएच आणि एलएच दोन्ही लागतात. दोन्ही असलेले जुने, लघवीपासूनचे, तुलनेने स्वस्त इंजेक्शन इथे योग्य ठरते. नुसत्या एफएसएचचे नवे महागडे इंजेक्शन अपुरे पडते. महाग ते चांगले, या समजुतीवर काही दवाखाने चालतात म्हणून हे लिहिले.

प्रोलॅक्टिनचा विषय थोडक्यात. हे दूध तयार करणारे हार्मोन. ते विनाकारण वाढले की मेंदूचा इशारा दबतो आणि पाळी थांबते, कधी स्तनातून दूध येते. पिट्युटरीवरची छोटी, बहुधा निरुपद्रवी गाठ हे त्याचे एक कारण, थायरॉइड कमी असणे हे दुसरे. तिसरे कारण औषधे. मळमळीसाठी सर्रास दिले जाणारे डॉम्पेरिडोन, मानसिक आजारावरची काही औषधे, ही प्रोलॅक्टिन वाढवतात. कॅबरगोलिनची गोळी आठवड्यातून एक-दोनदा घेतली तर गाठीमुळे वाढलेले प्रोलॅक्टिनही बहुतेकींमध्ये खाली येते आणि बीज आपोआप सुरू होते. थायरॉइड कमी असेल तर थायरॉक्सिनची रोजची गोळी पुरते. एवढ्या साध्या कारणासाठी बाईने दहा वर्षे शिव्या खाव्यात?

आम्हाला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो मात्र वेगळाच आजार आहे. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला, बाईला भोवळ आली, रक्तदाब खाली गेला, वेळेवर रक्त मिळाले नाही, तर गरोदरपणात मोठी झालेली पिट्युटरी रक्ताअभावी मरते. इंग्लंडच्या हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून शीहान सिंड्रोम. श्रीमंत देशांत तो आता क्वचित दिसतो, कारण तिथे बाळंतिणीला रक्त मिळते. काश्मीरमध्ये केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वीस वर्षांवरील बाळंतपण झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे तीन टक्के स्त्रियांना हा आजार आढळला, आणि त्यांतल्या बहुतेकींचे बाळंतपण घरी झालेले होते.

या बाईची खूण काय? बाळंतपणानंतर छातीला दूधच आले नाही. पाळी परत आली नाही. काखेतले केस गळले. थंडी सोसवत नाही, चार पावले चालली की बसावे लागते. घरचे म्हणतात, बाळंतपणानंतर ही आळशी झाली. कुणी म्हणते, बाधा झाली. वर्षानुवर्षे ती अशीच जगते आणि एखाद्या तापात, उलटी-जुलाबात अचानक बेशुद्ध होऊन मरतेही. कारण पिट्युटरी गेली की नुसती पाळी जात नाही, संकटात शरीराला तारणारे कॉर्टिसॉलही जाते. इथे उपचाराचा क्रम जीवन-मरणाचा आहे. आधी स्टिरॉइड, मग थायरॉइडची गोळी. उलटा क्रम लावला तर बाई दगावू शकते. हे दोन्ही बसल्यावर, तिला आणखी मूल हवे असेल तर, वर सांगितलेल्या इंजेक्शनांनी बीज आणता येते. म्हणून आमची विनंती आहे, आशाताईंनी, नर्सताईंनी आपल्या गावात विचारावे: बाळंतपणात खूप रक्त गेलेली, दूध न आलेली, पाळी परत न आलेली बाई आहे का? असेल तर तिला पाच दिवसांच्या गोळीवर सोडू नका. मोठ्या रुग्णालयात पाठवा आणि केसपेपरवर हा इतिहास लिहून द्या.

जिथे हार्मोनने बीज येणार नाही, तिथे तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. चाळिशीच्या आत अंडाशय थकले, एफएसएच फार वाढलेले असले, तर कुठलीही गोळी, कुठलेही इंजेक्शन बीज आणण्याची हमी देऊ शकत नाही. क्वचित एखादीला आपोआप बीज येते, ते औषधाचे श्रेय नव्हे. अशा बाईला हार्मोन मात्र लागतात, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून, हृदयासाठी, पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत. मुलीला पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आलीच नाही तर तिचीही तपासणी करा. ते लपवून तिचे लग्न लावून देणे हा तिच्यावर अन्याय आहे. आणि गर्भपिशवीचा क्षयरोग! आपल्या देशात तो आजही आहे. तो अस्तरच खाऊन टाकतो. तिथे बीज तयार होत असूनही पाळी येत नाही आणि हार्मोन देऊनही येत नाही. तिला क्षयाची औषधे लागतात, जी सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. ती वेळेवर मिळाली तर काही वाचते, उशीर झाला तर अस्तर परत येत नाही. या बाईला खाजगी दवाखान्यात बीज वाढवायची इंजेक्शने देत राहणे ही उघड लूट आहे.

दुसऱ्या टोकाला काय चालते ते बीडने दाखवले. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने ऐंशी हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. अंगावरून जाते, पोट दुखते, कामाचा खाडा पडतो, काढून टाका. एकीकडे पाळी येत नाही म्हणून न तपासता गोळी, दुसरीकडे पाळीचा त्रास होतो म्हणून न तपासता सुरी. दोन्हीकडे गाळलेली गोष्ट एकच, तपासणी.

इथे सरकारला एक प्रश्न विचारावा लागतो. गरीब बाईची कूस बंद करण्याची यंत्रणा या देशात गावोगाव आहे. नसबंदीची शिबिरे होती, उद्दिष्टे होती, भत्ते होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एकाच शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि डझनाहून अधिक जणी मेल्या. ज्या सरकारला बाईची कूस बंद करण्याची एवढी घाई, त्याला तिची पाळी का थांबली हे बघण्यासाठी एक तपासणी का परवडत नाही? १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने, पी. जे. रोहम यांच्यामार्फत, संततिनियमनाची साधने लोकांना उपलब्ध व्हावीत असा ठराव मांडला होता. त्यामागची भूमिका बाईच्या आरोग्याची आणि तिच्या इच्छेची होती. ज्या बाईला मूल नको तिला साधन मिळावे, हा न्याय असेल, तर ज्या बाईला हवे तिलाही मिळाले पाहिजे. एकच अर्धा तेवढा राबवायचा, हा कुठला न्याय?

आणि बोलले तर पाहिजेच. पाळी, बीज, वीर्य हे शब्द उच्चारायला आमचे सुशिक्षित कार्यकर्तेही अजून लाजतात. समाजस्वास्थ्य मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा न्यायालयात त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब उभे राहिले होते. त्यांच्या अनुयायांनी घरात सुनेशी या विषयावर बोलायला का संकोचावे?

न बोलल्याचा फायदा कुणाला होतो ते उघड आहे. बाबा, भगत, अंगारे-धुपारे. मूल होण्याच्या आशेने गेलेल्या बाईवर अलौकिक शक्तीच्या नावाखाली लैंगिक अत्याचार करणे हा प्रकार इतका नित्याचा होता की २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत त्याचा वेगळा उल्लेख करावा लागला. कायदा आहे, तक्रार करा. पण धम्म स्वीकारलेल्या घरांतून सुद्धा कुणी चोरून गंडा बांधायला जात असेल, तर त्या घराने भिंतीवरच्या फोटोकडे बघून विचार करावा.

पुरुषांना एक गोष्ट बजावून सांगायची आहे. मूल होत नाही म्हणून बाईला गोळ्या सुरू करण्याआधी नवऱ्याच्या वीर्याची तपासणी झाली पाहिजे. ही सगळ्यांत सोपी, सुईसुद्धा न टोचणारी तपासणी आहे. ती टाळून बाईला वर्षभर इंजेक्शने टोचायची आणि शेवटी दोष पुरुषात निघायचा, असे पुष्कळदा घडते. वांझ या शब्दाला पुल्लिंग नाही, एवढ्यावरून हा शब्द कुणी तयार केला ते कळते.

खाजगी दवाखान्यांबद्दल थोडे. हार्मोनची इंजेक्शने हा खेळ नव्हे. सोनोग्राफीने बीजाची वाढ मोजत, मात्रा कमी-जास्त करत ती द्यावी लागतात. तसे केले नाही तर एका वेळी अनेक बिजे वाढतात, पोटात पाणी साठते, दम लागतो, रक्ताची गुठळी होऊन जीवही जाऊ शकतो. जुळी-तिळी राहिली की अपुऱ्या दिवसांची बाळे, मग काचेची पेटी, मग कर्ज. क्लोमिफेनच्या गोळीनेही शंभरातल्या पाच ते दहा गरोदरपणांत जुळी राहतात, हे बाईला आधी सांगितले पाहिजे. सोनोग्राफी न करता इंजेक्शनांचा कोर्स देणाऱ्याला विचारा, मोजणार कसे? आणि चार महिने गोळी देऊन न पाहताच थेट टेस्ट ट्यूब बेबीचा खर्च सांगणाऱ्याला विचारा, पाळी का थांबली हे तुम्ही कुठल्या तपासणीवरून ठरवले? २०२१ चा कायदा शरीराबाहेर बीज-वीर्य हाताळणाऱ्या केंद्रांना नोंदणी आणि नियम लावतो. नुसत्या गोळ्या लिहून देणाऱ्याला तो लागू नाही. तिथे आपली विचारपूस हेच नियंत्रण.

गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात २०२३ मध्ये टेस्ट ट्यूब बेबीपर्यंतचा उपचार सरकारी खर्चाने सुरू झाला. आम्ही महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात लगेच तेवढे मागत नाही. आमची मागणी लहान आहे. प्रत्येक जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस पाळी थांबलेल्या स्त्रियांची ओपीडी असावी. तिथे टीएसएच, प्रोलॅक्टिन, एफएसएच आणि सोनोग्राफी मोफत व्हावी. लेट्रोझोल, क्लोमिफेन, कॅबरगोलिन, थायरॉक्सिन औषधखिडकीवर मिळावे. नवरा-बायकोचा केसपेपर एकत्र निघावा. बाळंतपणातल्या रक्तस्रावाची नोंद बाईच्या हातात दिलेल्या कार्डावर असावी. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेऊन निवडून आलेल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात एवढा एकच प्रश्न टाकावा: राज्यातल्या किती उपजिल्हा रुग्णालयांत आज प्रोलॅक्टिनची तपासणी होते, आणि गेल्या वर्षभरात ती किती स्त्रियांची झाली? उत्तर आले की आम्ही ते याच जागी छापू.